कुठल्या भुताला किती नारळ

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती, म्हणून मी पडवीत बसून काळे वाटाणे निवडत होते. आमच्याकडे म्हाळाला, म्हणजे पितरांच्या जेवणाला, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं लागतं. यंदाच्या वाटाण्यांत खडे इतके होते की दुकानदाराने खडे विकायला काढून त्यात चवीपुरते वाटाणे टाकले असावेत. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिने मला एक यादी पाठवली होती. एकतीस सिनेमे, सगळे भुताखेतांचे.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचा मित्रमैत्रिणींचा एक कंपू आहे. तो दर ऑक्टोबरात रोज एक भयपट बघतो, त्याला दहापैकी गुण देतो आणि महिनाअखेरीला हॅलोविनच्या दिवशी भोपळा कोरून त्याच्याबरोबर फोटो काढतो. मागच्या वर्षी आम्ही घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी केल्या, तेव्हा तिनेच एका खोलीत मोठा टीव्ही बसवून दिला आणि त्यावर स्वतःचं खातं चालू करून दिलं. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्याच असतात.

"आई, या वेळी तूपण बघ ना आमच्याबरोबर," ती म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. तिला वाटलं, आई एकदाची सुधारली. मला ते सिनेमे माझ्या जावेसाठी हवे होते.

माझी थोरली जाऊ अडुसष्ट वर्षांची आहे. दीर गेल्यापासून चार वर्षं ती तिच्या घरात एकटी राहते. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये माडांच्या दोन रांगा आणि एक विहीर. तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मुंबईला असतो. श्रावणात एकदा तिने त्याला फोनवर सांगितलं की घरात कोणीतरी चालल्यासारखं वाटतं, मला भीती वाटते. झालं. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, की दिवाळीला येतो, घराला कुलूप घालतो आणि तुला घेऊन जातो. त्याच्या बायकोने तर डोक्याच्या डॉक्टरची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

जावेला जायचं नव्हतं. तिचा भाताचा एक कोपरा आहे, काजूची कलमं आहेत, अकरा कोंबड्या आहेत, आणि सगळ्या वाडीला शिव्या घालायचा मान आहे. मुंबईला ती कोणाला शिव्या घालणार? तिथे शेजाऱ्याचं दारही उघडत नाही.

"वैनी, तेका सांगा ना, आता भिती वाटणा नाय म्हणान," मी म्हणाले होते.

"सांगलंय. तो म्हणता, आई, तू लपवतंस."

म्हणजे नुसतं सांगून भागणार नव्हतं, पुरावा हवा होता. जी बाई महिनाभर रोज एक भुताचा सिनेमा बघते आणि वर त्याला गुण देते, तिला भित्री कोण म्हणेल? मला माझी युक्ती फार आवडली. दुसऱ्यांच्या आयुष्यासाठी युक्त्या काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

वाटाणे निवडायचं सूप बाजूला ठेवून मी तशीच तिच्याकडे गेले. ती खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, केळीची पानं पुसत होती. मी तिला सगळं समजावलं.

"पितरांच्या दिसांत भुतांचे पिक्चर?" तिने विचारलं.

"तकडे परदेशात पण ह्याच दिसांत बघतत. तेंची ती सर्वपित्रीच. पोरां भुतांची सोंगा घेवन दारादारार जातत आणि लोक तेंका गोळये-चॉकलेटा देतत."

"आणि पितरांका?"

"पितरांका काय नाय."

"पोरां जेवतत आणि पितर उपाशी," ती म्हणाली. "मगे भुतां होतलीच तकडे. वडे करूक काय झाला तेंका?"

पण यायला ती तयार झाली. मुलाचं नाव काढल्यावर ती कशालाही तयार होते.

पहिला सिनेमा त्याच दुपारी दोन वाजता लावला. खिडकीवर गोधडी टाकली, पंखा चालू केला. मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर किंचाळलीच. "दुपारी? आई, भयपट कोणी दुपारी बघतं का!" तिला म्हटलं, संध्याकाळी सहाच्या एसटीने तुझे बाबा ओरोसहून कचेरीतून येतात, त्यानंतर मला चूल सोडता येत नाही. आणि रात्रीचं कौतुक तुमच्या पुण्यात. आमच्या वाडीत भर दुपारी बारा वाजता विहिरीवर पोर पाठवत नाहीत. इथली भुतं उन्हातलीच आहेत.

पहिल्या सिनेमात एक कुटुंब रानातलं एक मोठं घर अगदी कमी भाड्याने घेतं आणि मग रोज रात्री कपाटं आपोआप उघडायला लागतात. मी दोनदा दचकले. जाऊ मांडी घालून, पदर खोचून बसली होती, जशी पंचायतीच्या सभेत बसते.

"भाडा येवढा कमी कशाक, ता आदी इचारूक नको?"

"तेंका म्हायत नाय ना."

"शेजाऱ्याक इचारूचा. तिन्हीसांजेक दिवो लावलो काय कोणी? नाय. जागेवाल्याच्या नावान काय ठेवलो? नाय. नुसते आपले पलंग आणले आणि निजले." थोड्या वेळाने: "बघ, नळ सोडून पळाली. पाणी गेला फुकट."

सिनेमा संपला. सगळं कुटुंब रडत रडत गाडीत बसून पळून गेलं. जाऊ उठली, पदर सोडला आणि म्हणाली, "ह्येका एक नारळ पुरे होतो."

मी मुलीला तेच कळवलं: एक नारळ. दहापैकी की पाचपैकी, असं तिने विचारलं. मग तिला पुन्हा नीट सांगावं लागलं, कारण पुण्यात राहून ती सगळं विसरली आहे. आमच्या गावात प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि प्रत्येक त्रासाला ठरलेला उतारा. नुसती नजर असेल तर मीठ-मिरच्या ओवाळायच्या. जागेवाला रुसला असेल तर नारळ. त्याच्या वर कोंबडा, ज्याला आम्ही कोंबो म्हणतो. कोंब्यानेही भागलं नाही तर गाव जमवून गाऱ्हाणं घालायचं. आणि अगदीच इलाज नसेल तर घर सोडायचं. जावेने सिनेमाला याच हिशेबाने गुण दिले होते. तिच्या मते सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. भूत किती जड आहे आणि ते कशात निभावतं, एवढंच बघायचं.

मी जुन्या कॅलेंडरच्या मागे पाच रकाने आखले आणि ते कॅलेंडर टीव्हीच्या बाजूला टांगलं. मुलीच्या कंपूला हे इतकं आवडलं की आठवड्याभरात त्यांनी दहापैकी गुण देणं सोडून दिलं. दिल्लीच्या एका मुलाने म्हणे एका गाजलेल्या सिनेमाबद्दल लिहिलं, "ओव्हररेटेड. सिर्फ मीठ-मिरच्या."

नवरात्रात जाऊ नऊ दिवस उपास करते. मला वाटलं आता खंड पडणार. पण घट बसल्यावर तर भुतं गप्प असतात, म्हणजे हेच दिवस बघायला बरे, असा तिने निर्णय दिला आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन हजर झाली. तेव्हा एका बाहुलीचा सिनेमा होता. बाहुली रात्री उठून घरभर फिरते. जावेने तिला मीठ-मिरच्यांवर काढलं. "चुलीत घाल म्हणावा. लाकडाची तर आसा." एका सिनेमात भूत कपडे धुवायच्या यंत्रात राहत होतं. त्याला तिने काहीच दिलं नाही. तिला त्या भुताची कीव आली.

दसऱ्यानंतर भातकापणी लागली. सकाळभर कापून कंबर मोडलेली, दुपारी अंधाऱ्या खोलीत पंखा, मग काय होणार? एकदा अर्ध्या तासात ती भिंतीला टेकून घोरायला लागली. टीव्हीवर कोणीतरी जीव तोडून किंचाळलं, तशी जागी झाली.

"कोण मेलो?"

"डॉक्टर."

"बरा झाला," म्हणून पुन्हा झोपली. त्या सिनेमाला मात्र तिने कोंबो दिला, कारण झोप चांगली लागली.

एके दिवशी कोल्हापूरचं एक जोडपं फोंडाघाटावरून उतरून खोली बघायला आलं. दिवाळीनंतर दोन दिवस राहायचं होतं त्यांना. मी त्यांना खळ्यातून मागे नेत होते आणि खोलीतून एका बाईचा आर्त टाहो आला. पाठोपाठ जावेचा आवाज: "मार तेका! डोक्यार मार! पुन्ना मार!"

नवरा जागच्या जागी थांबला. मी म्हटलं, "माझ्या जाऊबाई आहेत. सिनेमा बघतायत."

त्याने मला हळूच विचारलं, "रात्रीपण असतं का हे?"

"नाही, फक्त दोन ते चार."

बायको तोवर आत जाऊन खाटेवर बसलीसुद्धा होती. शेवट बघूनच उठली. खोली घेतली त्यांनी.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. जाऊ रोज संध्याकाळी मुलाला फोन करून अहवाल द्यायची. आज बाहुली बघितली, आज कबरीतून हात बाहेर आला, मी काही भ्यायले नाही. मला वाटलं पोरगा विरघळेल. पंधरा-सोळा तारखेला त्याचा मलाच फोन आला.

"काकी, तुम्ही आईला हे काय दाखवताय?"

"का रे? तिला आवडतंय."

"तेच म्हणतोय मी. ती रोज फोनवर भुतांबद्दलच बोलते! कुठल्या भुताला किती नारळ लागतील ते सांगते. माझी बायको घाबरलीय. मी तीस तारखेला येतोय, तिकीट काढलंय. परतीची दोन काढलीत."

म्हणजे माझ्या युक्तीने जावेची बाजू बळकट व्हायच्या ऐवजी तिचं परतीचं तिकीट निघालं होतं. मी हे तिला सांगितलं. तरी ती दुसऱ्या दिवशी दोन वाजता वेळेवर आली.

पण मला आता वेगळाच प्रश्न पडला होता. पंधरा सिनेमे मी तिच्या शेजारी बसून बघितले. मी उशीत तोंड घालत होते आणि ही बाई लाडू मोडत होती. मग श्रावणात घरात कोण चाललं म्हणून ती घाबरली? जी बाई मुंजाला नावाने हाक मारून वाटेतून बाजूला हो म्हणेल, ती पावलांच्या आवाजाला भ्यायली?

खात्री करून घ्यायची म्हणून मी एक पोरकटपणा केला. कोणाला सांगितला नव्हता, आता लिहितेच. दुपारी ती स्वयंपाकघरात वाटण वाटत होती तेव्हा मी तिच्या मागच्या पडवीतून शिडी लावून माळ्यावर चढले. पन्नास वर्षांची बाई, पदर कंबरेला, तोंडात कोळिष्टकं. माळ्यावर तिचे सुके नारळ असतात. त्यातला एक मी हळूच फळ्यांवरून घरंगळत सोडला. मग दुसरा. मग चार पावलं जड टाकली.

खाली वाटण थांबलं.

"गो," खालून आवाज आला, "उतरताना तिसरी पायरी सांबाळ, मोडलेली आसा. आणि येताना दोन नारळ हाड."

मी दोन नारळ घेऊन उतरले. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि पुन्हा वाटायला बसली. पण एवढं पक्कं झालं की श्रावणातली भीती खोटी होती. खोटं कशासाठी बोलली, ते मात्र कळत नव्हतं.

ते कळलं बावीस तारखेला. यादीत त्या दिवशी एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईचा सिनेमा होता. ती एकटीच राहते. तिच्या घरात एका लहान पोराचं भूत आहे, ते फक्त दारात उभं राहून बघतं. तसा संथ सिनेमा होता, मला तर कंटाळा आला होता. मध्येच ती बाई अंघोळीला जाते, पाय घसरून पडते आणि तिला उठता येत नाही. दार आतून बंद. बाहेरच्या खोलीत फोन वाजतोय, वाजतोय, मग थांबतो. भूत उंबऱ्यावर बसलेलं असतं.

मी भुताकडे बघत होते. जाऊ म्हणाली, "बंद कर गो ता."

मला वाटलं चेष्टा करतेय. बघितलं तर तिने लाडू परत डब्यात ठेवला होता. मी बंद केला. पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

"किती लिहू?" मी विचारलं.

"घर सोडूचा," ती म्हणाली. त्या रकान्यात तोवर एकही सिनेमा गेला नव्हता.

मग तिने सांगितलं. नागपंचमीच्या दिवशी सकाळी ती न्हाणीत शेवाळावर घसरून पडली होती. उजव्या हातावर पडली. उठायला गेली तर कंबर उचलेना. दाराला आतून कडी.

"तू हाक मारलंस माका," ती म्हणाली. "तीनदा मारलंस."

मारली होती. मी पातोळ्या घेऊन गेले होते. तीन हाका मारल्या, कोणी ओ देईना, तेव्हा मला वाटलं शेताकडे गेली असेल. ताट ओट्यावर झाकून ठेवलं आणि परत आले.

"मगे ओ कशाक दिवक नाय?"

"आंगार कपडो नाय होतो. आणि कडी आतसून. तू माणसां बोलावतलंस, दार फोडतलंस. मी म्हटलंय, पडान रवलेला बरा." तिने डब्याचं झाकण लावलं. "अकराची एसटी गेली ती आयकलंय. एकची गेली तेवा उठलंय, भाणाचो कान धरून."

म्हणजे दोन तास. पाणी तापवायच्या त्या तांब्याच्या भाणाला आधार म्हणून धरून ती उठली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला ताट परत दिलं ते डाव्या हाताने, हे मला तेव्हाच खटकलं होतं. मनात म्हटलंसुद्धा, काय ही बाई, डाव्या हाताने ताट देते. दोन दिवस रागावून होते मी तिच्यावर.

नागपंचमीच्या त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. काय झालं म्हणून तो खोदून खोदून विचारायला लागला. काहीतरी सांगायला हवं होतं.

"म्हणान भूत सांगलात?"

"मगे काय सांगू? भुताक उतारो आसा गो. पडलेल्याक नुसती मुंबय."

मला त्या क्षणी तिचा राग आला, माझाही आला, आणि हसूही आलं. आमच्या गावात घरात कोणी चालतं म्हटलं तर माणसं एक नारळ ठेवतात आणि विषय मिटतो. तिला वाटलं मुंबईतही तसंच होईल. तिथे डोक्याचा डॉक्टर निघाला.

"तेका खरा सांगा," मी म्हणाले.

"आणि तू सांगलंस तर तुज्याशी बोलाचंय नाय."

मुलीने विचारलं, त्या संथ सिनेमाला सगळ्यात वरचा क्रमांक कसा? मी म्हटलं, नेट गेलंय, नंतर बोलू.

पुढचे सिनेमे आम्ही बघितले, पण त्यात मजा राहिली नव्हती. ती सगळ्यांनाच एकेक नारळ देऊन मोकळी होत होती, आणि मी मनात दिवस मोजत होते.

तीस तारखेला सकाळच्या गाडीने पुतण्या कणकवलीला उतरला. सोबत एक मोठी बॅग, रिकामी. दुपारी जेवून तो आईला शोधत आमच्याकडे आला तेव्हा आमचा तिसावा सिनेमा चालू होता. जाऊ म्हणाली, "बस, संपाक इलो." तो बसला. त्याला मी चकल्यांचं ताट दिलं. पाच मिनिटांत पडद्यावर पलंगाखालून एक हात आला आणि पुतण्याच्या हातातलं ताट छताला लागायचं बाकी राहिलं. चकल्या माझ्या स्वच्छ केलेल्या खोलीभर.

"तेका कोंबो व्हयो," जाऊ म्हणाली. "सिनेमाक नाय. ह्येका."

तो हसला नाही. चकल्या गोळा करता करता म्हणाला, "आई, कपडे भरलेस का?"

मी टीव्ही बंद केला. माझ्याशी बोलणार नाही तर नको बोलू दे, असं मी ठरवलंच होतं. पण मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माज्या घरात भूत नाय रे. कोण चलणा नाय. मी न्हाणीत पडलेलंय."

मग सगळं सांगितलं, एसट्यांसकट. कपड्याचं तेवढं गाळलं. मुलाला कसं सांगणार?

पुतण्या चकल्या हातात घेऊन तसाच उकिडवा बसला होता. आधी माझ्यावर उखडला. "काकी, तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवस झाले."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगितलंस तर बोलणार नाही, असं तिने बजावलं होतं."

"अहो, पण भूत परवडलं! उद्या परत पडली तर?"

"तुझ्याकडे बाथरूमला कडी नाही का?" मी विचारलं. "तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता, रात्री नऊला येता. तिथे पडली तर ती कोणाची एसटी मोजणार?"

पण तो हिशेबी माणूस आहे, बापावर गेलाय. म्हणाला, "ठीक आहे. मी आईच्या न्हाणीत जाऊन ओरडतो. काकी, तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात थांबा. ऐकू आलं तर बघू."

मला वाटलं, जिंकलो. मी घरी येऊन चुलीपाशी उभी राहिले. पलीकडच्या शेतात भात झोडायचं यंत्र घडघडत होतं. वरून कावळे. मी कान देऊन ऐकलं, खिडकीत गेले, खळ्यात गेले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी परत गेले तर पुतण्या न्हाणीच्या दाराशी घसा धरून उभा होता आणि जाऊ बाजूच्या दगडावर बसली होती.

"किती हाका ऐकल्या?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. जावेने माझ्याकडे बघितलंसुद्धा तशा अर्थाने.

"एकही नाही," मी म्हणाले.

जावेने तोंड फिरवलं. पुतण्या म्हणाला, "बघितलंस आई?"

"म्हणजे हाकेवर भागणार नाही," मी म्हणाले. "पण ती काही दिवसभर न्हाणीत नसते. सकाळी सातला अंघोळ करून तिने चहाला माझ्याकडे यायचं. रोज. सव्वासातपर्यंत आली नाही तर मी येणार, आणि मला दार फोडायला लागू नये म्हणून आत कडी असणार नाही."

"कडी नाय तर आंघोळ कशी करू?" जाऊ एकदम उसळली. "कोण इलो तर?"

"कोण येतला वैनी? तुमच्या शिव्यांक भियान पोस्टमन पण खळ्यातसून परत जाता."

पुतण्याला हसू आलं, पहिल्यांदाच. त्याने ते दाबलं. आई रोज चहाला येणार, हे तुम्ही किती दिवस पाळाल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी रोज सहाला चूल पेटवते, चहा तसाही होतोच, यात पाळायचं काय? त्याने न्हाणीत जाऊन पायाने शेवाळ घासून बघितलं. मग म्हणाला, "शिमग्यापर्यंत. शिमग्याला मी येईन तेव्हा परत बघू. आणि ते डॉक्टरचं मी नको म्हणून सांगतो."

एवढं मिळालं ते पुष्कळ होतं. संध्याकाळी रिकामी बॅग जावेने स्वतः झटकून, घडी घालून त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. उजाडता उजाडता मी पाना, पेचकस, लोखंडी घासणी आणि ब्लीचिंग पावडर घेऊन तिच्या न्हाणीत गेले. आधी कडीचे चार स्क्रू काढले. गंजलेले होते, चौथ्याने माझं बोट सोललं. भोकांत साबण दाबून भरला. मग फरशी घासायला बसले. जाऊ तेलाची वाटी आणि उटणं घेऊन दाराबाहेर उभी होती, केस सोडलेले, आणि तिच्या मागे पुतण्या टॉवेल खांद्यावर टाकून.

"सणाच्या दिसाक आदी आंघोळ की आदी सुतारकाम?" ती म्हणाली. "उठ, माका थंडी वाजता."

मी दोन तांबे पाणी ओतून पावडर धुवून टाकली, तिला आत जायला वाट दिली आणि दार बाहेरून ओढून घेतलं.